ऊसतोडीच्या बिलावर तिचं नाव

सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात माझी नोकरी झाली आणि त्यातला बराच काळ ऊसतोडणीची बिलं काढण्यात गेला. गाळप सुरू झालं की दर पंधरवड्याला बिल. वाहनाचा नंबर, मुकादमाचं नाव, गाव, तालुका, टनेज, तोडणीचा दर, मुकादमाचं कमिशन, उचलीपोटी कपात, हातात पडणारी रक्कम. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज, पाथर्डी हे तालुके मी डोळ्यांनी बघण्याआधीच लिहून लिहून पाठ झाले होते. त्या बिलांतला पैसा ज्यांनी कमावला त्यातल्या निम्म्या माणसांचं नाव मात्र पैशाच्या कुठल्याच कागदावर येत नव्हतं. ही निम्मी माणसं म्हणजे बायका.

कुणी म्हणेल, तोडणाऱ्या पुरुषाचं तरी नाव बिलावर कुठे असतं? नसतं, खरं आहे. बिल टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या किंवा वाहतूकदाराच्या नावानं निघतं. पण मुकादमाच्या वहीत पुरुषाचं नाव असतं आणि त्याच्यापुढे लिहिलेलं असतं, ‘एक कोयता’. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी आला तर अर्धा कोयता. म्हणजे बाईचा वाटा निम्मा, हे हिशेबाला ठाऊक आहे. तरी त्या निम्म्याला नाव नाही, सही-अंगठा नाही, खातं नाही. उचल, म्हणजे मजुरीपोटीची आगाऊ रक्कम, नवरा घेतो, हंगामाच्या कितीतरी आधी, गावात मुकादमाच्या ओसरीवर बसून. हल्ली जोडीची उचल लाखाच्या घरात जाते. ती कुणाच्या लग्नात गेली, दवाखान्यात गेली की आणखी कुठे, हे तिला कळतं किंवा कळत नाही. फेडायला मात्र ती फडात असते.

फडातलं काम कसं वाटलेलं असतं तेही सांगते, कारण शहरातल्या वाचकाला ‘ऊसतोड’ म्हटलं की फक्त कोयता चालवणारा गडी दिसतो. बहुतेक टोळ्यांत गडी ऊस तोडतो. बाई पाचट काढते, वाढे बाजूला करते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते. गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. पहाटे तिनं उठून कोपीत भाकरी थापलेल्या असतात, लहान पोर फडाच्या बांधावर निजवलेलं असतं. स्वयंपाकाचं नि पोराचं मी हिशेबात धरतच नाहीये, तो वाद वेगळा. नुसत्या फडातल्या कामाचं बोलू. यातलं हलकं काम कुठलं, हे ज्याला सांगायचंय त्यानं एकदा मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवर चढावं.

आता पैसे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. जोडी दिवसाला दीड ते दोन टन तोडते. दोन टनांचा चांगला दिवस धरला तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात, म्हणजे तिच्या वाट्याचे ३६६. बारा-चौदा तासांचे. आणि हे ‘तिच्या वाट्याचे’ म्हणजे माझ्या कागदावरच्या भागाकारातले. प्रत्यक्षात तिच्या हातात किती पडतात हे मला सांगता येणार नाही, कारण ते मोजणारा रकानाच कुठे नाही.

हा ३६६ चा दर ठरला कुठे, हे महत्त्वाचं आहे. तो किमान वेतनाच्या समितीत ठरला नाही, कोर्टात नाही, दिल्लीत तर नाहीच. एका बाजूला राज्य साखर संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगार आणि मुकादमांच्या संघटना, आणि मध्ये लवाद. एके काळी शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे हा लवाद होता. २०२४ चा दर ठरवणाऱ्या लवादात पंकजा मुंडे होत्या. म्हणजे लाखो मजुरांची मजुरी आपल्याकडे राज्याच्या राजकारणातले दोन पुढारी बसून ठरवतात. याला काय म्हणायचं ते म्हणा. पण राजकारणातून मजुरी बदलते का, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी हे बघावं.

त्या बैठकीत निर्णयाच्या दोन खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर बाई होती. ३४ टक्के ही वाढ मी कमी लेखत नाही. बिलं काढलेल्या माणसाला टनाला ९३ रुपये म्हणजे काय ते कळतं. तरीही दर टनाला ठरला, टन कोयत्याच्या नावावर राहिला आणि कोयता नवऱ्याच्या. वाढीव पैसे आधीच्याच वाटेनं गेले.

एवढ्यावरून ‘बाई सत्तेत आली तरी काय फरक पडतो’ असं कुणी म्हणायला लागलं तर ते मला मान्य नाही. फरक पडतो, त्याची उदाहरणं याच विधिमंडळात आहेत. मृणाल गोरे यांनी १९८६ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक आणलं. त्याआधी त्या प्रश्नावर रस्त्यावर बायकांच्या संघटना लढत होत्याच, पण सभागृहात तो कागदावर आला आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राचा कायदा झाला. देशाचा कायदा व्हायला १९९४ उजाडलं. दुसरं उदाहरण ऊसतोडीतलंच. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय पेटला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. हा आकडा सरकारी कागदावर आला, तो आणायला कुणीतरी खमकं बसावं लागतं.

पण त्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी काय होतं? खाडा. एक दिवस कामावर आलं नाही की त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर मुकादमाचा दंड बसतो. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, पोटात दुखणं, सगळं खाड्यात. आणि खाडा धरला जातो कोयत्याचा. म्हणजे दंडाच्या वेळी ती मोजली जाते.

आता त्या सभागृहाकडे बघू. २८८ आमदारांत २०१९ साली २४ महिला निवडून आल्या. २०२४ मध्ये लाडक्या बहिणींच्या नावानं अख्खी निवडणूक लढवली गेली आणि महिला आमदारांची संख्या वाढण्याऐवजी घटली. १९६० पासून या राज्याला महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. शेजारी गोव्यात मगो पक्षाच्या शशिकला काकोडकर १९७३ मध्येच मुख्यमंत्री झाल्या होत्या. आमच्या प्रतिभाताई पाटील विरोधी पक्षनेत्या झाल्या, मंत्री झाल्या, पुढे देशाच्या राष्ट्रपती झाल्या, पण मुंबईतली ती एक खुर्ची कुठल्याच बाईच्या वाट्याला आली नाही. ३३ टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये झाली, तीही जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेची अट घालून.

स्थानिक पातळीवर २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. त्यातल्या पुष्कळ जणी ‘सरपंचपती’च्या सावलीत सुरू झाल्या आणि दुसऱ्या वर्षापासून स्वतः बीडीओच्या टेबलावर हात आपटू लागल्या, हे मी माझ्या तालुक्यात पाहिलंय. मग या बाया पुढे जातात कुठे? साखरपट्ट्यात आमदारकीचं तिकीट पंचायत समितीच्या कामावर मिळत नाही. ते कारखाना, जिल्हा बँक आणि दूध संघ यांतून येतं. कारखान्याच्या २१ संचालकांत दोन जागा महिलांसाठी राखीव असतात. त्या दोन जागांवर कोण येणार हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही सांगता येतं: एक चेअरमनच्या घरातली, दुसरी त्यांच्या सोयऱ्यांतली. सर्वसाधारण सभेत पहिल्या रांगेत बसायचं, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला अध्यक्ष व्हायचं. तोडणी-वाहतुकीचे करार ज्या समितीत ठरतात तिथे बाई बसलेली माझ्या नोकरीत मी पाहिली नाही. त्या दोघींना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना बसवलंच असं जातं की उठून बोलायला जागा राहू नये. ८ मार्चला आमच्याकडे महिला दिनाचा सत्कार व्हायचा, शाल-श्रीफळ, फोटो. त्या दिवशी फडात ऊस उभाच असतो आणि तोडही चालू असते.

समान वेतनाचा कायदा आहे ना, असं वकील मंडळी म्हणतात. आहे. १९७५ च्या वटहुकमानंतर १९७६ मध्ये कायदा झाला, आता तो वेतन संहितेत गेला आहे. त्या कायद्याखालचा गाजलेला खटला आपल्या मुंबईतला: मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीतल्या महिला स्टेनोग्राफरनं पुरुष स्टेनोग्राफरइतका पगार मागितला आणि १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला. तिथे दोन पगारपत्रकं शेजारी ठेवून तुलना करता आली. फडात तुलना कशाशी करणार? बाईला गड्यापेक्षा कमी दिले असं दाखवायला आधी बाईला काही दिलेलं दिसलं पाहिजे. शेतमजुरीत निदान भेद उघड आहे. खुरपणीला जाणाऱ्या बाईचा रोज आणि गड्याचा रोज वेगळा, हे गावात सगळ्यांना पाठ असतं आणि त्यावर भांडता येतं. ऊसतोडीत कायद्याला हात घालायला जागाच ठेवलेली नाही.

राज्य सरकारला हे जमणार नाही असं मात्र कुणी म्हणू नये, कारण याच राज्यानं एकदा ते करून दाखवलंय. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून खेड्यातली मजुरी दिली गेली. त्यात बाई-गडी दर एकच होता. माझी आई पाझर तलावाच्या कामावर जायची. हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं, वडिलांचं वेगळं. पगारवाटपाला कारकून तिचं नाव पुकारायचा, ती पुढे जाऊन अंगठा द्यायची आणि तिचे पैसे तिच्या पदरात बांधून आणायची. घरी आल्यावर त्यातले किती तिच्याकडे राहिले, हा आमच्या घरचा मामला. पण सरकारनं ते दिले होते तिला. तो कायदा करणाऱ्या सभागृहात बहुसंख्य पुरुषच होते. दुष्काळ होता, मजुरांचे मोर्चे होते आणि ऐकणारे लोक सत्तेत होते.

आणि दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. २०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत महिना १५०० रुपये सुरू झाले. काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक बायकांच्या स्वतःच्या खात्यात पैसे गेले. आधार जोडणी, बँकेच्या रांगा, सेतू केंद्रांवरची गर्दी, सगळं आपण पाहिलं. त्या रांगांत ऊसतोड बायकाही होत्या. योजनेवर ज्याला जी टीका करायची ती करावी, माझीही आहे. पण एक प्रश्न तिनं कायमचा निकालात काढला. ‘या बायकांना कुठली खाती, कुठले कागद?’ असं शेतकी अधिकारी मला सांगायचे. आता खातं आहे, आधार जोडलेलं आहे, मोबाईलवर मेसेज येतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळामार्फत ग्रामसेवक ओळखपत्रं देतो, त्यामुळे नावाची नोंदही होते. सरकारनं दिलेले पंधराशे तिच्या खात्यात जातात, आणि तिनं कमावलेली मजुरी तिच्याजवळूनही जात नाही.

हे मी एकदा एका मुकादमाला म्हटलं. माणूस वाईट नव्हता, टोळीतल्या पोरांना दवाखान्यात स्वतः घेऊन जायचा. तो म्हणाला, “ताई, नवरा-बायकोच्या मधी कशाला हिशेब घालताय? चूल एकच हाय त्यांची.”

मी विचारलं, “नवरा मेला तर राहिलेली उचल कुणाकडून वसूल करता, भाऊ?”

“ती तर तिला फेडावीच लागंल की. पैसं घेतल्यात.”

आमच्या कारखान्याला येणाऱ्या एका टोळीत अशी बाई होती. नवरा ट्रॅक्टरखाली सापडून गेला, पुढच्या हंगामाला ती दिराबरोबर अर्धा कोयता म्हणून आली, नवऱ्याची बाकी फेडायला. एक चूल असण्याचा नियम फक्त मजुरीला लागतो. कर्जाच्या वेळी तिला वेगळं ओळखतात.

यात एक खाचखळगा आहे, तो दडवत नाही. तिचं नाव घाला म्हटलं की पहिल्यांदा ते उचलीच्या स्टॅम्प पेपरवर चढेल, आणि आज जे कर्ज तिच्यावर रिवाजानं येतं ते उद्या सहीनिशी येईल. मुकादमांना ते आनंदानं चालेल. म्हणून मागणी नेमकी हवी. उचलीच्या करारात तिची सही नको. मजुरीच्या बिलात तिचं नाव हवं, आणि नवऱ्याच्या नावावरच्या उचलीची कपात तिच्या निम्म्यातून करायला बंदी हवी. एवढं केलं तर पहिल्या वर्षी मुकादम ओरडतील, उचलीची रक्कम खाली येईल, काही जोड्यांची अडचणही होईल. पण लाखाची उचल वाटली जाते ती दोघांच्या घामावर एकाची सही चालते म्हणून, हेही मग उघड होईल.

हे करायला नवीन कायद्याची वाट बघायला नको. दर हंगामाला प्रत्येक कारखान्याला पुण्याच्या साखर आयुक्तांकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाच्या किमान दराची रक्कम, थकली तर हाच परवाना अडवतात. ऊस कारखान्यात आल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याच्या खात्यात पैसे जमा झाले पाहिजेत हा नियम आहे, आणि तो पाळायला लावण्यासाठी आंदोलनं होतात, आमदार सभागृहात उभे राहतात. बरोबरच आहे. त्याच परवान्यात आणखी एक अट घाला: तोडणीची रक्कम ओळखपत्रावरच्या नावांनी, व्यक्तिगणिक, थेट खात्यात. मुकादमाचं कमिशन वेगळं द्या, ते वीस टक्क्यांच्या आसपास आहे, त्याला कुणी हात लावत नाही. मंत्रिमंडळात बसलेल्या महिलांनी, पक्ष कुठलाही असो, एवढी एक अट आणून दाखवावी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचं नाव सक्तीचं करणारं हे राज्य आहे. कागदावर नाव घालण्याचं महत्त्व सरकारला समजावून सांगावं लागू नये.

कारखाने सांगतील की कामाचा बोजा वाढेल, सॉफ्टवेअर बदलावं लागेल. त्या सॉफ्टवेअरवर मी काम केलंय. त्यात बैलांच्या पेंडीची कपात टाकता येते, ताडपत्रीची, बांबूची, डिझेलच्या ॲडव्हान्सची टाकता येते. कोणत्या गाडीला किती पेंड गेली हे तीन वर्षांपूर्वीचंसुद्धा काढून दाखवता येतं. एका कोयत्याच्या रकमेला दोननं भागून दोन खाते क्रमांक लावणं त्यापेक्षा अवघड नाही. टोळीची यादी हंगामाच्या सुरुवातीला एकदा भरायची, मध्ये कुणी सोडून गेलं तर कारखान्याच्या फडावरच्या माणसानं, चिटबॉयनं, कळवायचं.

आणि पुढच्या दरवाढीच्या बैठकीला संघटनांनी मोळी वाहणाऱ्या दोन-चार बायका बरोबर न्याव्यात, फोटोपुरत्या मागे उभ्या करायला नाही. बैठक हंगाम तोंडावर आल्यावर घेण्याची सवयही सोडावी. उचलीचे करार जून-जुलैतच सुरू होतात आणि एकदा पैसे वाटून झाले की त्या वर्षी कुठलीच अट घालता येत नाही. जे ठरवायचं ते मे महिन्यात, टोळ्या गावी परतल्या की लगेच ठरलं पाहिजे.